खाली बसवलेली २०१२ ची मस्टँग, उड्या मारणारं मागचं अ‍ॅक्सल आणि योग्य कंट्रोल आर्म निवडण्याचं प्रकरण

गाडी २०१२ ची फोर्ड मस्टँग जीटी, पाच लिटरचं व्ही-८, ४१२ हॉर्सपॉवर, सहा गिअरची मॅन्युअल, मागे ३.७३ चा डिफ (डिफरन्शियल, म्हणजे शाफ्टचे ३.७३ फेरे झाले की चाकाचा एक). मालक माझा मित्र, मूळचा सांगलीचा, आता डेट्रॉइटच्या बाजूच्या गावात राहतो, आणि ही मस्टँग ज्या कारखान्यात तयार झाली तो फ्लॅट रॉक इथून तासाभराच्या आतच आहे. गाडी सेकंडहँड घेतली तेव्हाच आधीच्या मालकाने ती दीड इंच खाली बसवली होती, म्हणजे नुसत्या छोट्या स्प्रिंग टाकल्या होत्या, आणि दोन तुकड्यांच्या मूळ ड्राइव्हशाफ्टच्या जागी एकसंध अ‍ॅल्युमिनियमचा शाफ्ट लावला होता. मागचे कंट्रोल आर्म (चाकांचा सांगाडा बॉडीला जोडणारे दांडे), पॅनहार्ड रॉड (तो आडवा सरकू न देणारा), बुश (जोडांतले रबरी तुकडे) सगळं कंपनीचंच.

तक्रारी तीन होत्या. पहिली, पहिल्या गिअरमध्ये जोरात क्लच सोडला की मागचं अख्खं अ‍ॅक्सल धडधड धडधड उड्या मारायचं, इतकं की पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवरून निघायचा. दुसरी, ताशी सत्तर मैलांच्या आसपास सीटखाली एक गुणगुण यायची. आणि तिसरी, मागचं डावं टायर फेंडरच्या कडेच्या बाहेर आल्यासारखं दिसायचं आणि उजवं आत. त्याने इंटरनेटवर सामान बघून ठेवलं होतं, कार्टमध्ये दोन्ही टोकांना लोखंडी गोळीचे जॉइंट असलेले अ‍ॅडजस्टेबल लोअर आर्म, तसाच अप्पर आर्म, आणि वेल्डिंगचे ब्रॅकेट. मला फोन करून विचारलं, "दादा, हे टाकलं की तिन्ही भानगडी मिटतील ना?" मी म्हटलं ऑर्डर दाबू नकोस, आधी गाडी माझ्याकडे आण, मोजू आणि मग बोलू.

मला या सगळ्यात एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे ती ही की कंट्रोल आर्म हा भाग आपण कॅटलॉग बघून निवडतो, पण तो खरं तर मोजमापातून निवडायचा भाग आहे, गाडीत नक्की कोणता कोन बिघडलाय आणि कोणतं रबर ढिलं पडतंय ते कळल्याशिवाय कितीही भारी आर्म आणला तरी तो भलत्याच दुखण्यावरचं औषध ठरतो.

आधी रचना समजून घ्या. २००५ ते २०१४ च्या मस्टँगला मागे सलग अ‍ॅक्सल आहे, आणि ते धरून ठेवायला तीन लिंक आणि एक आडवा रॉड. खाली डावी-उजवीकडे एकेक लोअर आर्म, गाडीच्या लांबीच्या दिशेने, पुढचं टोक बॉडीला आणि मागचं अ‍ॅक्सलला. वर मधोमध एकच छोटा अप्पर आर्म, तो डिफच्या डोक्यापासून पुढे मागच्या सीटखालच्या भागात जातो. आणि अ‍ॅक्सल डावीकडे-उजवीकडे सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉड, एक टोक अ‍ॅक्सलला, दुसरं बॉडीला. आपल्याकडे भारतात २०१६ पासून आलेली मस्टँग याच्या पुढच्या पिढीची, तिला मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, त्यामुळे तिच्याखाली हे दिसणार नाही. पण इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ किंवा २०२० नंतरची थार यांच्या मागच्या बाजूला वाकून बघा, सलग अ‍ॅक्सल, कॉइल स्प्रिंग आणि लांब आर्म असा हाच परिवार आहे, फक्त लिंकची संख्या कमीजास्त. त्यामुळे इथलं बरंचसं गणित तिकडेही लागू पडतं.

आता मोजमाप. गाडी सपाट फरशीवर, टाकी अर्धी, चारही टायरमध्ये सारखी हवा, आणि गाडी चाकांवर उभी. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे कारण लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना मोजलेल्या कोनाला काडीचाही अर्थ नसतो, अ‍ॅक्सल खाली गेलेलं असतं आणि सगळे आर्म भलत्याच उतारावर असतात. आम्ही चारही चाकं रॅम्पवर चढवली आणि खाली शिरलो. डिजिटल अँगल गेज घेतला, लोअर आर्मला लावला, तर पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा खाली, साधारण साडेचार अंश. हे हिशोबाला धरूनच होतं, दीड फुटाच्या आसपास लांबीचा आर्म आणि बॉडी दीड इंच खाली आली की पावणेपाच अंशांचा फरक पडतोच. मग गिअरबॉक्सच्या शेपटीचा कोन घेतला आणि पिनियनच्या (डिफमधलं शाफ्टने फिरणारं छोटं दातेरी चक्र) फ्लँजचा, म्हणजे शाफ्ट जोडायच्या चकतीचा घेतला. दोघं एकमेकांना समांतर असते तर फरक शून्य आला असता, इथे पिनियनचं नाक अर्धा अंश वर निघालं. शेवटी दोन्ही फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडला, चाकाच्या रिमपर्यंतचं अंतर मोजलं, डावी-उजवीत दहा मिलिमीटरचा फरक.

म्हणजे तीन तक्रारींना तीन आकडे मिळाले. आता एकेक.

उड्यांचं बघू. जोर लावला की इंजिनचा टॉर्क अ‍ॅक्सलच्या नळकांड्यालाच उलटं फिरवायला बघतो, पिनियनचं नाक वर उचललं जातं, लोअर आर्म दाबले जातात आणि अप्पर आर्म ताणला जातो. या आर्मच्या टोकांना मऊ रबर असेल तर ते दबतं, त्यात ताकद साठते, तेवढ्यात टायरची पकड सुटते, रबर झटक्यात मोकळं होतं, अ‍ॅक्सल परत जागेवर येतं, टायर पुन्हा पकडतो आणि पुन्हा तेच. फळ्यावर खडू उभा धरून ओढला की थरथरत टिंबं टिंबं उमटवत जातो ना, अगदी तीच गोष्ट, फक्त इथे खडूच्या जागी अख्खं अ‍ॅक्सल आहे. कंपनीचे लोअर आर्म दाबलेल्या पत्र्याचे, बुश मऊ, त्यामुळे जोरात सोडलेल्या क्लचसमोर ते अपुरे पडतातच.

पण नुसता मऊपणा हे अर्धंच कारण आहे. बाकीचं अर्धं त्या साडेचार अंशांत आहे. बाजूने गाडीचं चित्र काढा, लोअर आर्मची रेष पुढे वाढवा, अप्पर आर्मची रेष वाढवा, दोन्ही जिथे भेटतात तो बिंदू धरा. मागच्या टायरच्या जमिनीवरच्या टेकूपासून त्या बिंदूकडे रेष काढली की ती जितकी चढी, तितका टायर जोर लावताना जमिनीकडे दाबला जातो. यालाच अँटी-स्क्वॉट म्हणतात. ही रेष पुढच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर, गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीला जाऊन मिळाली तर शंभर टक्के, म्हणजे वेग घेताना मागचा भाग बसतही नाही आणि उचललाही जात नाही. गाडी खाली बसवली की लोअर आर्म पुढे झुकतात, बिंदू खाली येतो, रेष सपाट होते, आणि टायरवर दाब यायच्या ऐवजी मागची बाजू नुसती खाली बसते. म्हणजे जिथे पकड हवी तिथेच ती कमी, टायर लवकर सुटतो, आणि रबर मऊ असल्यामुळे सुटला की उड्या चालू. नुसते कडक आर्म टाकले असते तर उड्या कमी झाल्या असत्या पण टायर तसाच घसरत राहिला असता.

लिफ्ट केलेल्या थारवाल्यांनी इथे लक्ष द्या, तुमच्याकडे बरोबर उलटं होतं, बॉडी वर जाते, आर्मचं पुढचं टोक वर येतं, अँटी-स्क्वॉट वाढतो आणि त्यासोबत एक वाईट सवय लागते, वळणावर गाडी कलली की बाहेरचं चाक मागे सरकतं आणि आतलं पुढे, म्हणजे अ‍ॅक्सल स्वतःच थोडं स्टिअरिंग करायला लागतं आणि मागची बाजू बाहेर जायला बघते. घाटात वेगात असताना हे जाणवतं आणि ते धोक्याचं आहे. आणि भारतात असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एकदा वाचा, आरसी बुकातले तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल करायला परवानगी नाही, त्यामुळे मोठी लिफ्ट किंवा वेल्डिंगचे ब्रॅकेट लावायच्या आधी आरटीओकडे विचारणं बरं.

दुसरी तक्रार, गुणगुण. इथे लोक लगेच टायर बॅलन्सिंगला पळतात, तेही बरोबरच आहे, पण आधी थोडा हिशोब केला तर पळापळ वाचते. या गाडीला २५५/४०आर१९ टायर, व्यास जवळपास सत्तावीस इंच. सत्तर मैलांच्या वेगाला चाक सेकंदाला साडेचौदा फेरे मारतं, डिफ ३.७३ चा म्हणजे शाफ्ट सेकंदाला चोपन्न फेरे मारतो, आणि क्रॉस जॉइंटचा (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचा) कोन चुकला तर झटके फेऱ्याला दोन, म्हणजे सेकंदाला एकशे आठ. साडेचौदाचं हादरणं हातापायांना कळतं, सीट आणि स्टिअरिंग थरथरतं. एकशे आठचं मात्र कानाला कळतं, गुणगुणल्यासारखं. मित्राची तक्रार गुणगुणीची होती. वर अजून एक साधी चाचणी केली, हायवेवर त्याच वेगाला हलका अ‍ॅक्सिलरेटर दिला तर आवाज, पाय काढला की गायब. टायरचं दुखणं पाय काढल्याने जात नाही. म्हणजे जोर लागल्यावर पिनियनचं नाक वर जातंय आणि आधीच अर्धा अंश वर असल्यामुळे पुढच्या-मागच्या जॉइंटचे कोन जुळेनासे होतायत. मूळचा दोन तुकड्यांचा शाफ्ट असता तर कदाचित हे इतकं उघडं पडलं नसतं, पण एकसंध शाफ्टला दोन्ही टोकांचे कोन एकमेकांना पूरक लागतात, तिथे सूट नाही.

रस्त्यावरच्या गाडीसाठी नाक उभ्या स्थितीत एक ते दोन अंश खाली ठेवतात, म्हणजे जोर लागून ते वर आलं की समांतर रेषेच्या जवळ पोचतं. बुश जितके मऊ तितकं थोडं जास्त खाली, गोळीचे कडक जॉइंट असतील तर कमी. म्हणजे आधी बुश ठरवायचे आणि मग कोन, उलट नाही.

तिसरी तक्रार सगळ्यात सोपी. पॅनहार्ड रॉडचा एक शेंडा बॉडीला, एक अ‍ॅक्सलला, गाडी खाली-वर झाली की रॉडचा उतार बदलतो आणि अ‍ॅक्सल एका बाजूला ढकललं किंवा ओढलं जातं. अ‍ॅडजस्टेबल रॉड घ्या, मधोमध आणा, संपलं.

आता निवड, आणि इथे आमचं बराच वेळ चाललं. मित्राचा आग्रह होता की सगळीकडे गोळीचे लोखंडी जॉइंट टाकू, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. मी त्याला विचारलं, "तू ही गाडी रोज ऑफिसला नेतोस, उन्हाळ्यात दोन-चार वेळा मायलनच्या ड्रॅगवेला, सरळ रेषेतल्या शर्यतीला नेतोस, बरोबर? मग उरलेल्या दिवसांचा आवाज कोण ऐकणार?" तो म्हणाला, "तुझी वहिनी तुझ्याकडेच तक्रार घेऊन येईल." तिथून मग बोलणं मार्गावर आलं.

या गाडीत आवाज आत यायचा सगळ्यात मोठा रस्ता म्हणजे अप्पर आर्म. तो थेट डिफच्या डोक्यावर आणि दुसरीकडे मागच्या सीटखालच्या पत्र्याला, म्हणजे डिफच्या दातांचा आवाज सरळ केबिनमध्ये. कंपनीने डिफच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, जाड रबरी बुश दाबून बसवलंय ते उगाच नाही. ते काढून गोळी टाकली की ३.७३ चा डिफ चाळीस मैलांपासून ऐकू यायला लागतो, आणि डिफ खराब झाला असं समजून लोक तो उघडतात. म्हणून अप्पर आर्म आम्ही असा घेतला की लांबी अ‍ॅडजस्ट करता येते, बॉडीकडच्या टोकाला पॉलियुरेथेन (रबरापेक्षा कडक प्लास्टिक) बुश, आणि हाउसिंगमधलं कंपनीचं रबर तसंच ठेवायचं. २०११ ते २०१४ च्या गाड्यांचा अप्पर आर्म आणि त्याचा माउंट २००५ ते २०१० पेक्षा वेगळा आहे, मागवताना वर्ष नीट बघा, खूप लोक चुकीचा मागवून परत पाठवत बसतात.

लोअर आर्मचं गणित वेगळं. इथून आवाज तुलनेने कमी येतो, पण इथे दुसरी अडचण आहे, वळणावर किंवा एका चाकाखाली खड्डा आला की अ‍ॅक्सल तिरकं होतं आणि लोअर आर्मला पीळ बसतो. रबर हा पीळ सहज सोसतं. पॉलियुरेथेन मात्र एका अक्षावर फिरायला बरं, पिळायला हट्टी. दोन्ही टोकांना पॉली असलेले आर्म बाजारात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त खपतात, आणि ते सरळ रेषेत पळणाऱ्या गाडीला चालतातही, पण वळणावर दोन्ही टोकं पिळाला विरोध करतात, आर्म जणू अँटी-रोल बारचं (गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांडीचं) काम करायला लागतो, मागची पकड अचानक सुटते. म्हणून एक टोक पिळू देणारं हवंच. आम्ही पुढचं टोक पॉलीचं, मागचं टोक ग्रीस भरता येणाऱ्या गोळीच्या जॉइंटचं असा आर्म घेतला. बीएमआर, स्टीडा, व्हाइटलाइन असे बरेच जण वेगवेगळ्या बुशांच्या जोड्या देतात, नाव कुठलंही घ्या, पण दोन्ही टोकांना काय आहे ते वाचून घ्या.

लोअर आर्म अ‍ॅडजस्टेबल घ्यायचे नाहीत हा माझा आग्रह होता आणि अजूनही आहे. कारण डावा आणि उजवा आर्म एकाच लांबीचे असायलाच हवेत. दोन आर्ममधलं अंतर मीटरभर धरलं आणि लांबीत तीन मिलिमीटरचा फरक राहिला तर अ‍ॅक्सल जवळपास ०.१७ अंश तिरकं बसतं, गाडी सरळ जाते पण खेकड्यासारखी थोडी वाकडी, स्टिअरिंग मधोमध राहत नाही. आपल्याला पिनियनचा कोन बदलायचाय, त्याला अप्पर आर्म पुरतो. ठरावीक लांबीचे वेल्डेड आर्म घ्या, दोन्ही सारखेच येतात, थ्रेड ढिले पडायचा प्रश्न नाही, पैसे वाचतात. अ‍ॅक्सल पुढेमागे सरकवायचीच गरज असेल, म्हणजे फार मोठं टायर टाकताय वगैरे, तर गोष्ट वेगळी.

ब्रॅकेट मात्र घ्यायचेच, कारण साडेचार अंशांचा उतार दुसऱ्या कशाने जाणार नाही. अ‍ॅक्सलकडचं टोक खाली न्यायचं, म्हणजे आर्म पुन्हा सपाट होतो. वेल्डिंगचे ब्रॅकेट जास्त मजबूत, पण अ‍ॅक्सलच्या नळीवर चुकीच्या क्रमाने वेल्डिंग केलं तर उष्णतेने नळी वाकते, आणि मग मागच्या चाकांचा कोनच बिघडतो. ४१२ हॉर्सपॉवर आणि रोजच्या टायरला बोल्टचे पुरेत. त्या ब्रॅकेटला एकाखाली एक भोकं असतात आणि सगळ्यांचा हात सगळ्यात खालच्या भोकाकडे जातो, जास्त म्हणजे चांगलं असं वाटतं. आम्ही सगळ्यात वरचं वापरलं. खालच्या भोकात आर्मचं पुढचं टोक मागच्यापेक्षा बरंच वर जातं, ड्रॅगवर सोडताना टायर मस्त दाबला जातो, पण जोरात ब्रेक मारला की तीच रचना उलटी काम करते, मागचं अ‍ॅक्सल ब्रेकखाली उड्या मारायला लागतं. आणि वर थारबद्दल जे सांगितलं ते वळणावरचं स्वतःचं स्टिअरिंग तेही येतं. रोजच्या गाडीला आर्म सपाट किंवा पुढचं टोक अंशभर वर, एवढंच पुरे.

सगळं मिळून हजार डॉलरच्या आत बसलं, आणि कार्टमधल्या यादीपेक्षा कमीच.

बसवणं. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे इथे खरं काम आर्म बसवायचं नसतं, जुने बोल्ट काढायचं असतं. लोअर आर्मचा पुढचा बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीला गंजून एकजीव होतो, नट सुटतं पण बोल्ट नळीसकट फिरत राहतो आणि रबर पिळवटतं. पेनेट्रेटिंग ऑइल आदल्या संध्याकाळपासून मारून ठेवलं होतं, डावीकडचा लांब दांड्याने करकर आवाज करत निघाला, उजवीकडचा हललाच नाही. शेवटी बुश आणि ब्रॅकेटच्या मधल्या फटीत आरीचं पातं घालून बोल्ट दोन्हीकडून कापला, लाल गंजाची पूड आणि जळक्या रबराचा वास गॅरेजभर, आणि कापलेला बोल्ट बाहेर आला तेव्हा मधोमध त्याची जाडी खाल्ली गेलेली स्पष्ट दिसत होती. म्हणून नवे बोल्ट आणि नट आधीच मागवून ठेवा, कंपनीच्याच ग्रेडचे, हार्डवेअरच्या दुकानातले नको. अँटी-सीझ पेस्ट (बोल्ट पुन्हा गंजून अडकू नये म्हणून) बोल्टच्या गुळगुळीत भागाला लावा, थ्रेडला नाही, कारण मॅन्युअलमधला टॉर्कचा आकडा कोरड्या थ्रेडसाठी असतो, वंगण लागलं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

एका वेळी एकच आर्म काढायचा. अ‍ॅक्सलखाली स्टँड, पिनियनच्या नाकाखाली वेगळा जॅक, आणि बॉडी स्वतःच्या स्टँडवर. अप्पर आर्म सुटला की डिफ स्वतःभोवती फिरायला मोकळा होतो, शाफ्ट आणि ब्रेकच्या पाइपवर ओढ येते. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहणार.

मग सेटिंग, आणि याचा क्रम मोडायचा नाही. आधी ब्रॅकेट आणि लोअर आर्म, बोल्ट हाताने घट्ट, टॉर्क नाही. गाडी पुन्हा रॅम्पवर, चाकांवर वजन, दोन्ही बाजूने बंपर दाबून गाडी हलवली म्हणजे स्प्रिंग जागेवर बसतात. लोअर आर्म मोजला, पुढचं टोक अर्धा अंश वर, हवं तसं. मग अप्पर आर्म. तो आखूड केला की डिफचं डोकं पुढे ओढलं जातं आणि नाक खाली जातं, लांब केला की वर. या गाडीत चार-साडेचार मिलिमीटरला साधारण एक अंश पडतो, आम्हाला अर्ध्या अंश वरून पावणेदोन अंश खाली यायचं होतं, म्हणजे दहा मिलिमीटरच्या आसपास आखूड. अर्धा फेरा, मोजा, गाडी हलवा, पुन्हा मोजा, असं करत तिथे पोचलो. एकदम सगळं फिरवून मोजायला गेलं तर गेजवर विश्वास राहत नाही. त्यानंतर पॅनहार्ड, दहा मिलिमीटरचा फरक होता म्हणजे अ‍ॅक्सल पाच मिलिमीटर सरकवायचं, फरक पूर्ण सरकवला तर ते दुसऱ्या बाजूला तेवढंच जाऊन बसतं. ओळंब्याने पुन्हा बघितलं, दोन्हीकडे सारखं.

आणि आता, गाडी चाकांवर उभी असतानाच, सगळे बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कला. रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला आणि मग गाडी खाली ठेवली की ते रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं, गाडीची उंची थोडी बदलते आणि बुश काही महिन्यांत फाटतं. आमच्याकडे हाउसिंगमधलं रबर आणि इतर जोड कंपनीचेच ठेवलेत त्यामुळे हे पाळणं भागच होतं. पॉलीच्या बुशांना आवळायच्या आधी सोबत आलेलं चिकट सिलिकॉन ग्रीस भरपूर लावलं, नाहीतर ती पहिल्या थंडीतच कुईकुई करतात. अ‍ॅडजस्टरचे जॅम नट आवळले आणि रंगाच्या पेनाने नटपासून आर्मपर्यंत एक रेघ मारली, म्हणजे पुढे कधी खाली वाकून बघितलं तर नट हललाय का ते लगेच कळतं.

नंतर अलाइनमेंटला नेली. सलग अ‍ॅक्सलला मागे टो-कॅम्बर (चाकांचे कोन) असं अ‍ॅडजस्टमेंट काही नसतं, पण थ्रस्ट अँगल म्हणून जो आकडा येतो तो बघायचा, तोच सांगतो अ‍ॅक्सल काटकोनात आहे की नाही. शून्याच्या अगदी जवळ आला. थोडं चालवून झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासले, एका ब्रॅकेटचा बोल्ट किंचित फिरला, बाकी जागेवर.

मायलनला पहिल्यांदा नेली तेव्हा मी स्टेजिंगच्या (सुटायच्या जागेच्या) बाजूच्या कठड्याला उभा होतो. क्लच सुटला, मागचे टायर क्षणभर फिरले आणि पकडले, गाडी सरळ निघाली, धडधड नाही. तो परत आला तो हेल्मेट काढायच्या आधीच काचेतून ओरडत होता, "दादा, टायर फिरतात पण उडत नाहीत!" हेच पाहिजे होतं. टायर रस्त्यावरचेच आहेत तर ते थोडे फिरणारच. हायवेवर सत्तरला येणारी गुणगुण गेली, अगदी जोर लावला की पंच्याऐंशीच्या वर पुसटशी येते, तिथे शाफ्टचं बॅलन्सिंग बघावं लागेल. ब्रेकची चाचणी मोकळ्या पार्किंगमध्ये मुद्दाम केली, जोरात मारून, मागून काही उडी नाही.

बदल्यात काय आलं तेही सांगतो. खड्ड्यावरून जाताना मागून एक कोरडा टक् असा आवाज येतो जो आधी नव्हता, आणि मिशिगनचे मार्चमधले खड्डे म्हणजे तो आवाज रोजचाच. डिफचा आवाज तिसऱ्या गिअरमध्ये पाय काढल्यावर किंचित ऐकू येतो, रेडिओ चालू असेल तर नाही. वहिनींनी अजून काही म्हटलेलं नाही. गोळीच्या जॉइंटला वर्षातून दोनदा ग्रीस मारायचं, हिवाळ्याच्या आधी आणि मीठ धुऊन झाल्यावर, ते चुकलं तर दोन सीझनमध्ये जॉइंट खडखडायला लागेल.

आता त्याला हाउसिंगमधलं रबर काढून तिथेही गोळी टाकायची आहे, ड्रॅगला अजून थोडा वेळ कमी होईल म्हणून. मी सांगितलंय की आधी मागे चांगली पकड देणारी टायर टाक, त्यावर परत उड्या आल्या तरच त्या रबराला हात लावू, आणि तेव्हाही आधी खाली शिरून कोन मोजू, कारण बुश बदललं की पावणेदोन अंशांचं सेटिंग बदलून अंशभरावर आणावं लागणार.